दहा मिनिटं बाहेर

माझा नवरा आणि त्याचा धाकटा भाऊ लिफ्ट दुरुस्त करतात. एक जण गच्चीवर मोटारीच्या खोलीत, दुसरा तळाच्या खड्ड्यात, आणि मध्ये अख्खी इमारत. तिथे फोन लागत नाही, म्हणून दिवसभर ओरडूनच बोलायचं. "सोडू का?" "थांब!" "आता सोड!" असं करत करत दोघांचे आवाज इतके सारखे झालेत की फोनवर सासूबाईसुद्धा आधी "थोरला की धाकटा?" विचारतात आणि मग रागावतात.

मैदानावर माझ्या नवऱ्याला सगळे भोंगा म्हणतात. तो त्यांच्या लिफ्ट वर्कशॉपच्या फुटबॉल संघाचा कप्तान, भाऊजी बचावफळीत, आणि मी चिटणीस. मला कोणी निवडून दिलेलं नाही. जर्सी ज्याच्या घरी धुतल्या जातात त्याने चिटणीस व्हायचं, अशी आमच्याकडे रीत पडली आहे.

आमच्या लीगमध्ये रेफरी टिकत नसत. नव्वद मिनिटं शिव्या खाऊन घरी कोण जाणार? पिवळं कार्ड दाखवलं तर लोक हसून पुढे ओरडत. लाल दाखवायला रेफरी धजावत नसत, कारण त्यात माणूस सामन्यातूनच जायचा आणि भांडण मैदानाबाहेरपर्यंत यायचं. शेवटी लीगच्या अध्यक्षांनी, त्यांचं औषधांचं दुकान आहे, एका हंगामापुरता नवा नियम आणला. रेफरीला उलटसुलट बोलेल त्याने दहा मिनिटं बाहेर बसायचं. तोवर संघ दहा जणांत खेळेल. मग परत यायचं, विषय संपला.

त्याच हंगामात आम्हाला रेफरी म्हणून सिस्टर मिळाल्या. त्या प्रसूतीच्या वॉर्डात नर्स होत्या, अंगाने काटकुळ्या, शिट्टीपेक्षा नजरेने जास्त काम करणाऱ्या. पहिल्याच सामन्यात माझा नवरा त्यांच्यासमोर उभा राहून मनसोक्त ओरडला. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "झालं? आता एक मोठा श्वास घ्या. आणि दहा मिनिटं बसून या."

सगळं मैदान हसलं. नवरा मात्र पुढच्या सामन्यातही बसला, त्याच्या पुढच्यातही. बाकावर त्याची जागा ठरल्यासारखीच झाली होती.

मग एक दिवस शाळेतून बोलावणं आलं. आमच्या लेकीने गणिताच्या बाईंना भर वर्गात विचारलं होतं, "डोळे घरी ठेवून आलात का?" बाईंनी तिला विचारलं, हे कुठे शिकलीस? तिने खरं ते सांगितलं: बाबा मैदानावर रेफरीला असंच विचारतात. नवरा बाईंसमोरच्या छोट्या खुर्चीत गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. रात्री जेवताना लेकीला म्हणाला, "मी आता मैदानात तोंड उघडणार नाही. आणि तू वर्गात."

"आणि काका?" तिने विचारलं.

"काकाचं काका बघेल," तो म्हणाला.

पुढे हंगामाचा शेवटचा सामना आला, बेकरीवाल्यांशी. जिंकेल त्याला ढाल मिळणार होती. अर्ध्या तासाचा खेळ झाला असेल, सिस्टरनी आमच्या विरुद्ध फ्री किक दिली. त्या गोलासमोर रांगेने उभ्या आमच्या खेळाडूंच्या भिंतीकडे पाठ करून चेंडूची जागा दाखवत होत्या, तेवढ्यात भिंतीतून आवाज आला, "सिस्टर, डोळे वॉर्डातच ठेवून आलात का?"

त्या वळल्या. आवाज ओळखीचा, वाक्य ओळखीचं. त्यांनी थेट माझ्या नवऱ्याकडे बोट केलं आणि मग बाकाकडे.

मी रेषेवरच उभी होते. तोंड हललं होतं ते भाऊजींचं. नवऱ्याने ओठ उघडले, भावाकडे बघितलं, आणि मिटून घेतले. चालत बाहेर आला, माझ्या शेजारी बसला.

"तू नव्हतास," मी म्हणाले.

"माहीत आहे मला."

"मग सांग ना त्यांना!"

"आणि धाकट्याचं नाव घेऊ? आजवर मी जे काही बरळलो त्यातलं निम्मं सिस्टरनी सोडून दिलंय. हे त्यातलं समज."

मला त्याचा राग आला आणि त्याच वेळी असं काही वाटलं की मी त्याच्या खांद्यावर टॉवेल टाकला आणि तिथेच हात ठेवला.

ती दहा मिनिटं बघण्यासारखी नव्हती. आमचे दहा जण वेळ काढायला चेंडू मिळेल तिथे भिरकावत होते, कधी रस्त्यावर, कधी पार्किंगमध्ये. प्रत्येक जण दुसऱ्याला ओरडून सांगत होता आणि कोणीच कोणाचं ऐकत नव्हतं. त्या गोंधळात बेकरीवाल्यांनी गोल केला.

"आपण बाहेरून असे दिसतो?" नवऱ्याने विचारलं.

"तू आत असलास की याहून वाईट."

वेळ संपल्यावर तो आत गेला आणि मध्यंतरापर्यंत मुकाट खेळला. मध्यंतरात भाऊजी माझ्याकडे आले. "वहिनी, पाणी."

मी बाटली पाठीमागे घेतली. "आधी तिकडे जाऊन या."

त्यांना कळलं. मान खाली घालून ते सिस्टरकडे गेले. "मघाशी दादा नव्हता बोलला. मी बोललो होतो."

सिस्टर त्यांच्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं आता या माणसाची खैर नाही. पण त्यांनी दोन्ही कप्तानांना मधल्या वर्तुळात बोलावलं आणि रेषेवरच्या माणसांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "मी चुकीच्या माणसाला बाहेर बसवलं. चूक माझी आहे. ती दहा मिनिटं मला परत देता येणार नाहीत."

बेकरीचा कप्तान, पाव भाजून भाजून हात भट्टीच्या फावड्याएवढे झालेला गडी, घाबरून म्हणाला, "आणि आमचा गोल?"

"गोल तो गोलच."

"मग आता मला बाहेर काढा," भाऊजी म्हणाले.

"खेळ पुढे गेलाय. मागे जाऊन शिक्षा देता येत नाही. खेळायला लागा."

एवढ्या माणसांसमोर, शिट्टी हातात असताना, मी चुकले असं म्हणणारा रेफरी मी त्याआधी पाहिला नव्हता.

उत्तरार्ध सुरू व्हायची वेळ झाली आणि भाऊजी आत जायच्या ऐवजी बाकावर येऊन बसले.

"हे काय?" मी विचारलं.

"नियम काय म्हणतो ते मला ठाऊक नाही, वहिनी. माझी दहा मिनिटं दादा बसला. आता मी बसणार."

नवऱ्याच्या लक्षात आलं तेव्हा तो मैदान ओलांडून धावत आला. बोलायचं नव्हतं, म्हणून नुसते हातवारे. ऊठ! आत ये! एक गोल मागे आहोत! कपाळावर हात मारून घेतला, दोन्ही हात आभाळाकडे नेले. इतका बोलका माणूस मी कधी पाहिला नाही, आणि त्यात शब्द एकही नव्हता. भाऊजी जागचे हलले नाहीत.

सिस्टर जवळ आल्या. "तुमचा खेळाडू येतोय का?"

नवऱ्याने भावाकडे एकदा नीट बघितलं. मग तोंड उघडलं. हळू म्हणाला, "येईल दहा मिनिटांनी. सुरू करा."

आमची पोरं खवळली. "डोकं फिरलंय का दोघा भावांचं?" पण ती उभी राहिली. नवरा भावाच्या जागी बचावाला गेला आणि या वेळी कोणी चेंडू पार्किंगमध्ये मारला नाही. ओरडणारा कोणी नव्हता, त्यामुळे जो तो बघून खेळत होता. बेकरीवाल्यांनी जराही दया दाखवली नाही, आणि ते बरंच झालं. दया दाखवली असती तर भाऊजींच्या बसण्याला अर्थ उरला नसता. त्या दहा मिनिटांत आमच्या पोरांनी गोल होऊ दिला नाही. भाऊजी आत गेले, थोड्या वेळाने आम्ही बरोबरीही साधली. शेवटी शेवटी बेकरीच्या कप्तानाने डोक्याने गोल मारला आणि ढाल त्यांच्याकडे गेली.

महिनाभराने लीगची बैठक भरली, औषधांच्या दुकानामागच्या गोदामात. आम्ही खोक्यांवर बसलो होतो. विषय एकच: नियम ठेवायचा की नाही. बेकरीचा कप्तान पहिल्यांदा उठला. "निरपराध माणूस बाहेर बसला आणि त्यात सामना गेला. भोंग्याचंच बघा! त्यालाच विचारा ना."

सगळे आमच्याकडे वळले. नवरा उभा राहिला. चारचौघांसमोर बोलायची त्याला सवय नव्हती, फक्त ओरडायची होती.

"ठेवा नियम," तो म्हणाला. "माझ्या बाबतीत चूक झाली, पण ती दहा मिनिटांत संपली. लाल कार्ड असतं तर मी घरी गेलो असतो आणि आजही त्यावर भांडत असतो. आणि बाकावर बसल्यावर कळलं, आपण काय तमाशा करतो ते. पण एक आहे. आमच्या पोरांनी तेव्हा चेंडू बाहेर मारून वेळ खाल्ला. तो वेळ धरू नका. चेंडू खेळात असेल तेवढीच मिनिटं मोजा."

सिस्टर मागे उभ्या होत्या. अध्यक्षांनी त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, "वेळ मी मोजेन. तुम्ही फक्त बसायला शिका."

हात वर झाले. बेकरीच्या कप्तानाने सगळ्यात शेवटी वर केला, पण केला.

पुढच्या हंगामात तीन नवे रेफरी आले. भाऊजी दोनदा बाहेर बसले. नवऱ्याने बरेच सामने निभावले, पण एकदा पेनल्टी मिळाली नाही तेव्हा त्याचा तोल गेलाच. सिस्टरनी बोट दाखवलं. तो धापा टाकत माझ्या शेजारी येऊन बसला, पाणी प्यायला, आणि म्हणाला, "बरोबर दिलं तिने."