बबनबाबांचा आवाज

मित्रांनो, मी एक जुना, खिशात मावणारा रेकॉर्डर आहे. उल्हासनगर कॅम्प दोनमधल्या एका दुकानात मी धूळ खात पडलो होतो. "मोबाईल के जमाने में ये कौन लेगा?" असे दुकानदार माझ्यादेखत म्हणत असे. शेवटी बदलापूरच्या शलाका मॅडमनी मला घेतले. त्या निवृत्त सैनिकांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करतात.

वाटले, आता कान तृप्त होतील. कसले काय! सैनिकांपेक्षा कुकरच्या शिट्ट्या, टीव्हीवरच्या मालिका आणि नातेवाइकांचे शहाणपणच मी जास्त ऐकले.

अंबरनाथच्या बबनबाबांकडे तर कहर झाला. त्यांच्या घशाचे ऑपरेशन ठरले होते. त्यानंतर आवाज राहणार नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते. म्हणून मॅडम घाईने आल्या. पण बाबांनी तोंड उघडले, की त्यांचा मुलगा विक्रांत मध्येच बोले.

"बाबा, ते नको, लढाईचं सांगा. थांबा, मॅडम, मीच सांगतो. मला पाठ आहे."

बाबा गप्प होत. मला ओरडता येत नाही, याचे इतके वाईट मला कधीच वाटले नव्हते.

अखेर बाबांच्या पत्नी भिमाबाई स्वयंपाकघरातून आल्या. "विक्रांत, गप्प बस जरा," असे म्हणून त्या नवऱ्यासमोर बसल्या. "तुम्ही झोपेत कमळाकरला हाका मारता. कोण तो?"

बाबा घोगऱ्या आवाजात म्हणाले, "माझ्या पलटणीतला. बर्फात माझा पाय मोडला, तेव्हा त्यानं मला पाठीवर घेऊन पोस्टपर्यंत आणलं. माझा पाय वाचला, त्याच्या पायाची बोटं गेली."

"विक्रांतचं नाव कमळाकर ठेवू म्हणत होतात, ते याच्यासाठी? तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"सांगणार होतो. तुझ्या माहेरची सगळी एकदम बोलत होती."

त्या दुपारी बाबा मनसोक्त बोलले. पाठीवरच्या बाबांना बर्फात झोप लागू नये म्हणून कमळाकर वाटभर शिव्या घालत होता, हे सांगताना ते हसले. ते हसू माझ्यापाशी आहे.

ऑपरेशननंतर बाबांचा आवाज गेला. एके दिवशी विक्रांत बदलापूरला मॅडमकडे आला. त्याने सगळे ऐकले आणि मान खाली घालून विचारले, "मॅडम, यातून माझा आवाज काढता येईल का?"

"येईल," मॅडम म्हणाल्या. "पण त्याच्याखाली बाबांचा आवाज नाही. तुम्ही बोलत होता, तेव्हा ते गप्प होते."

मित्रांनो, तुमच्याही घरात कोणी सैनिक असेल. टीव्ही बंद करा, त्यांच्यासमोर बसा, एक प्रश्न विचारा. आणि मग, हात जोडतो, तोंड मिटून ऐका.