हलायचं नाही

चार माणसं जमली आणि जुन्या गोष्टी निघाल्या की कोणीतरी हा प्रश्न काढतंच: पंतप्रधानांचं विमान पडलं तेव्हा तुम्ही कुठे होता? मग प्रत्येकाला कंठ फुटतो. कोणी वर्गात गणित सोडवत होतं, कोणी न्हाव्याच्या खुर्चीत अर्ध्या दाढीनिशी बसलं होतं. धाकटीची पाळी आली की ती म्हणते, "मी दवाखान्यात होते, आप्पांचं डोकं धरून." लोकांना वाटतं, बातमी ऐकून आप्पांना भोवळ आली असणार. ती दुरुस्त करत बसत नाही. आता तिचेही केस पांढरे झालेत, आणि ती गोष्ट दोन वाक्यांत उरकण्यासारखी नाही.

तेव्हा धाकटी एकोणीस वर्षांची होती. थोरल्या दोघी आपापल्या संसारात, आईचे गुडघे धरलेले, म्हणून आप्पांच्या उशाशी बसायचं काम तिच्याकडे आलं. आप्पा एका वर्तमानपत्राच्या छापखान्यात जुळारी होते. शिशाचं एकेक अक्षर खणांतून उचलायचं आणि ओळी जुळवायच्या, त्याही उलट्या. त्यांचं सगळं पोट त्या डोळ्यांवर होतं, आणि डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता.

मोतीबिंदूचं ऑपरेशन म्हणजे आजच्यासारखं सकाळी जाऊन दुपारी घरी, असं नव्हतं. दोन्ही डोळ्यांवर पट्टी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, आणि सात दिवस उताणं पडून राहायचं. खोकायचं नाही, शिंकायचं नाही, मोठ्यानं हसायचं नाही, रडायचं तर मुळीच नाही. हलायचं नाही. दोन वर्षांपूर्वी डाव्या डोळ्याच्या वेळी आप्पांना तिसऱ्या दिवशी खोकल्याची उबळ आली होती. टाका तुटला आणि डोळा गेला तो गेलाच. आता उरला होता उजवा.

तर त्या दिवशी उजव्याचा तिसरा दिवस होता.

सकाळचं दूध पाजून झालं होतं. शेजारच्या खाटेवर एक शिंपीकाका होते, त्यांना तोंड मिटून राहणं जमायचं नाही. "आप्पा, त्या मोठ्या सिस्टरच्या चपला ऐकल्यात का? माणूस चालतंय की गुन्हेगार पकडायला निघालंय?" आप्पा ओठ आवळून हसू दाबत होते आणि धाकटीचा जीव टांगणीला लागला होता. "काका, गप्प बसा हो," ती म्हणाली. "टाका तुमचाही आहे."

"माझे टाके मी स्वतः घालतो, पोरी. उसवत नाहीत."

तेवढ्यात त्याच चपला दारापर्यंत आल्या आणि थांबल्या. मोठ्या सिस्टरनी बोटानं खूण करून सगळ्या नातेवाइकांना बाहेर व्हरांड्यात बोलावलं. त्यांचा चेहरा खडूसारखा झाला होता. त्यांनी बातमी चार शब्दांत सांगितली. विमान डोंगरावर आदळलं होतं, कोणीही वाचलं नव्हतं. एका बाईनं तोंडात पदर कोंबला.

"नीट ऐका," सिस्टर म्हणाल्या. "आत अकरा खाटा आहेत. यातलं एक अक्षर आत जाता कामा नये. रेडिओ बंद केलेत, भेटायला येणारे बंद. ज्याला रडायचंय त्यानं जिन्यात जाऊन रडावं. आत येताना चेहरा कसाही असला तरी चालेल, त्यांना दिसत नाही. आवाज मात्र रोजचा पाहिजे."

धाकटी रडली नाही. तिला रडायला सुचलंच नाही. तिच्या मनात एकच गोष्ट फिरायला लागली: आप्पांना कळलं तर? पंतप्रधान एकदा छापखाना बघायला आले होते. जुळवलेल्या ओळी पाहून म्हणाले, "अहो, हे सगळं उलटं आहे." आप्पा म्हणाले होते, "साहेब, आमच्याकडे उलटं वाचता आलं तरच नोकरी मिळते." यावर ते इतके हसले की बरोबरच्या अधिकाऱ्यांनाही हसावं लागलं. जाताना त्यांनी आप्पांचा शाईनं बरबटलेला हात हातात घेतला होता. पंचवीस वर्षं झाली तरी आप्पा ही गोष्ट पाहुण्यांना सांगत, आणि दर वेळी शेवटी त्यांचा आवाज घोगरा होई.

ती आत जाऊन बसली. खाट हलू नये म्हणून हात मांडीखाली दाबून ठेवले.

"समोरच्या शाळेची घंटा अवेळी झाली," आप्पा म्हणाले.

"हो का? माझं लक्ष नव्हतं."

"झाली. आणि पोरं घरी गेली. एकही ओरडलं नाही. पोरं कधी गप्प घरी जातात?"

"कसलीशी सुट्टी दिलीय म्हणे."

"सुट्टी मिळाली तर जास्त ओरडतात."

खाली दुकानांची फळकुटं एकामागून एक लागत होती. शिंपीकाका म्हणाले, "बहुतेक संप आहे. माझा भाचा संपाला कायम पुढे." धाकटीनं घाईघाईनं "संपच" म्हणून टाकलं.

अकराच्या सुमाराला सिस्टरनी तिला पुन्हा खुणावलं. जिन्यात छापखान्याचे फोरमनकाका उभे होते. शर्ट घामानं अंगाला चिकटलेला, बाहीवर शाई.

"मला आप्पांना दोन मिनिटं भेटू दे."

"नाही," सिस्टर आणि धाकटी एकदमच म्हणाल्या.

"अगं पोरी, जादा अंक काढायचाय. सगळं शहर फाटकाशी उभं आहे. आणि मथळ्याची लाकडी अक्षरं सापडत नाहीत!"

ती अक्षरं तिला ठाऊक होती. वीतभर उंचीची, लाकडात कोरलेली. शिशाची एवढी मोठी अक्षरं कोणी ओतत नाही. ती वर्षानुवर्षं बाहेर निघत नसत. युद्ध सुरू झालं तेव्हा निघाली होती आणि युद्ध संपलं तेव्हा. मालकांना तो लाकूडफाटा भंगारात काढायचा होता, म्हणून आप्पांनी दवाखान्यात यायच्या आधी ती कुठेतरी लपवून ठेवली होती आणि कुठे ते कोणाला सांगितलं नव्हतं. फोरमनलासुद्धा नाही, कारण फोरमन मालकांसमोर पाघळतात असं त्यांचं मत होतं.

"अहो, पण ती अक्षरं कुठे आहेत असं विचारलं की त्यांना कळणारच!"

"मग काय करू? अशी बातमी बारीक टायपात छापू? लग्नाच्या जाहिरातीसारखी?" फोरमनकाकांचे डोळे भरून आले. "आप्पानंच मला आयुष्यभर बजावलंय गं, मथळा बातमीच्या मापाचा पाहिजे."

सिस्टर म्हणाल्या, "त्यांचा डोळा गेला तर तुमचा मथळा त्यांना कोण वाचून दाखवणार?" आणि मग धाकटीकडे पाहून हळू म्हणाल्या, "तू ठरव. पण विचारायचंच असेल तर आधी दोन्ही हातांनी डोकं धर."

ती आत आली तेव्हा तिनं एक गोष्ट मनाशी पक्की जुळवली होती. वाळवीची. गळा साफ केला, आवाज रोजचा केला.

"आप्पा, मला आत्ता आठवलं. तुमची ती लाकडी अक्षरं. दमट जागी असतील तर वाळवी लागेल हो. कुठे ठेवलीत? मी आईला सांगते बघायला."

तिनं त्यांच्या छातीकडे पाहिलं. छाती हलत होती.

"आई कधीपासून छापखान्यात जायला लागली?" ते म्हणाले. मग आवाज खाली आणून, "फोरमन कुठे उभा आहे?"



"जिन्यात," तिनं सांगितलं.

"त्याला म्हणावं, वरच्या माळ्यावर, कागदाच्या रिळांच्या मागे, निळ्या गोणपाटात. एक काना फुटलाय. तो खाली डोकं वर पाय करून लावला की कळत नाही. आधी कोरड्या फडक्यानं पुसून घे म्हणावं. जा. मग ये."

ती धावली, सांगितलं आणि परत आली. आप्पा होते तसेच होते. फक्त चादरीवरचा हात उलटा पडला होता, तळवा वर.

"कोण?" त्यांनी विचारलं.

तिनं वाकून दोन्ही हातांनी त्यांचं डोकं धरलं, मडकं धरावं तसं. कानाशी तोंड नेलं, शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून. "सांगते. पण आप्पा, हलायचं नाही. तुम्हाला माझी शपथ." आणि सांगितलं.

तिच्या तळहातांखाली त्यांचा जबडा एकदा घट्ट झाला. गळ्याची घाटी वर गेली आणि तिथेच राहिली. ती मोजत होती, काय ते तिलाच माहीत नव्हतं. शेवटी घाटी खाली आली. ते तोंडानं श्वास घ्यायला लागले, लांब लांब, जड ओझं घेऊन जिना चढणाऱ्या माणसासारखे.

"बोल काहीतरी," ते म्हणाले. "काहीही. थांबू नको."

समोर भिंतीवर दवाखान्याचे नियम लावले होते. तिनं ते वाचायला घेतले. भेटीच्या वेळा, फुलं आणू नयेत, थुंकू नये. संपले की पुन्हा पहिल्यापासून. सिस्टर दर तासाला येऊन पट्टीची कड बोटानं चाचपत. कोरडी आहे, असं नुसत्या मानेनं सांगत आणि पुढच्या खाटेकडे जात.

दुपारी शिंपीकाकांनी हाक मारली. "आप्पा, ही पोरगी सकाळपासून थुंकू नये थुंकू नये काय म्हणतेय? आणि बाहेर चाललंय तरी काय? मला काही बरं दिसत नाही."

"तुम्हाला काहीच दिसत नाही, शिंपीबुवा," आप्पा म्हणाले. आवाज अगदी रोजचा. "संप आहे. पोरगी म्हणालीच की. झोपा आता."

त्यानंतरचे चार दिवस बापलेक मिळून अख्ख्या खोलीशी खोटं बोलले. तिचा धीर सुटायला लागला की आप्पा तिचं बोट दाबत, आणि आप्पांची घाटी वर गेली की ती नियम म्हणायला लागे. पट्टीखाली काय चाललंय ते कोणालाच कळत नव्हतं. एका सकाळी कड ओलसर लागली तेव्हा सिस्टरसुद्धा मटकन स्टुलावर बसल्या. पण तो घाम निघाला.

सातव्या दिवशी डॉक्टर आले. त्यांची दाढी वाढली होती, डोळे सुजले होते. धाकटी खाटेचा गज धरून उभी राहिली. पट्टीचे वेढे संपता संपेनात. शेवटचा कापूस निघाला, आप्पांनी पापणी उचलली आणि लगेच मिटली. पुन्हा उचलली.

डॉक्टरांनी हात पुढे केला. "किती बोटं?"

आप्पा बघत राहिले. धाकटीला वाटलं, गेला. हाही गेला.

"तीन," आप्पा म्हणाले. "आणि तुमच्या बाहीला बटण नाही."

शिंपीकाका पलीकडून ओरडले, "मला सांगा, मी लावून देतो!" डॉक्टर हसले. धाकटी तिथेच फरशीवर बसली.

"डॉक्टर," आप्पांनी हळूच विचारलं, "आता रडलं तर चालेल का?"

डॉक्टरांचं हसू मावळलं. त्यांनी आधी सिस्टरकडे पाहिलं, मग आप्पांकडे. "तुम्हाला ठाऊक आहे?"

"पहिल्या दिवसापासून."

डॉक्टर खाटेच्या कडेवर टेकले. त्यांनी पट्टीची नीट गुंडाळी केली. "अजून पंधरा दिवस नको," ते म्हणाले.

आप्पा घरी आले. लोक भेटायला येत, त्या दिवसाच्या गोष्टी काढत, आणि आप्पा काळ्या चष्म्याआडून नुसते ऐकत. सोळाव्या दिवशी जेवण झाल्यावर ते उठले, मागच्या अंगणातल्या पायरीवर जाऊन बसले आणि चष्मा काढून ठेवला.

"धाकटे," त्यांनी हाक मारली, "दार लोटून घे. आणि थोडा वेळ कोणाला इकडे येऊ देऊ नको."

तिनं दार लोटलं आणि ती आतून दाराला पाठ लावून उभी राहिली.