मान खाली घालून काढलेला फोटो

"डोळ्याला लाव भैरूभाऊ, डोळ्याला! पोटाशी धरायला ते काय कलिंगड आहे?"

पिंपरी कॅम्पातल्या किशनचंदने घड्याळांच्या काउंटरवर दोन जुने कॅमेरे मांडले होते. एक घडीचा, भात्यासारखा उघडणारा, डोळ्याला लावून बघायचा. दुसरा नुसता काळा डबा. तो पोटाशी धरायचा आणि वरच्या इवल्याशा काचेत मान वाकवून बघायचं. भैरू घरची थोडी शेती सांभाळून औषधाच्या कारखान्यात बाटल्या भरायच्या खात्यात होता. फोटोचं वेड नवं होतं, खिसा मात्र जुनाच. डबा परवडला असता. घडीच्या कॅमेऱ्यापायी शालनच्या पाटल्यांकडे बघावं लागलं असतं, आणि शालन काही पाटल्या काढून देणारी बायको नव्हती.

"डब्बा बच्चों का खेल आहे," किशनचंद म्हणाला. "रविवारी हा घडीवाला ने, वापरून बघ. तू काय पळून जाणार?"

भैरूला घाई होती. त्याच्या धाकट्या भावाची, दत्तोबाची बायको छबू पोटुशी, दिवस भरत आलेले. तिची आई सुभद्राबाई बार्शीला मुलाकडे अंथरुणाला खिळलेली, आणि तिचा एकच धोशा: लेकीचं तोंड तरी दावा. छबूला प्रवास शक्य नव्हता. पुण्याला नेऊन स्टुडिओत परक्या पुरुषापुढे तिला बसवायचं तर घरात बोलायचीही सोय नव्हती. म्हातारी फार दिवस काढणार नाही, हे सगळ्यांना कळत होतं.

दत्तोबा यंत्राला हात लावायला घाबरे, म्हणून रविवारी अंगणात भैरूनेच एक डोळा झाकला, दुसऱ्याला कॅमेरा लावला आणि फोटो काढला. तो धुऊन आला तेव्हा पदराची वीण मोजून घ्यावी इतका स्पष्ट होता. छबू मात्र त्या पदराच्या आत होती.

शालन आधी पोट धरून हसली, मग चिडली. "अवो, थोरलं दीर तुमी! लगीन होऊन आली तवापास्नं तुमच्याम्होरं तिनं तोंड उघडं टाकलं न्हाई. तुमी असं डोळा रोखून बघाय लागल्यावर तिनं काय करावं?"

भैरू वरमला. भिंगाबद्दल त्याने किशनचंदला शंभर प्रश्न विचारले होते. छबूचं काय होईल, हे डोक्यातच आलं नव्हतं. रात्रभर तो कूस बदलत राहिला आणि सकाळी ड्युटीवर जायच्या आधीच त्याने कॅम्प गाठला.

"डबा द्या."

"अरे, पण चीज तर ही आहे!"

"असंल. आमच्या घराला डबाच बरा."

पुढच्या रविवारी त्याने डबा पोटाशी धरला आणि मान खाली घातली. शालन शेजारी उभी राहिली. "छबे, भाऊजींची मान खाली हाय बघ. सार पदर."

मग बांगड्या वाजल्या. काचेत जोंधळ्याएवढी आकृती होती, तिला ना नाक ना डोळे. भैरूने श्वास रोखून खटका दाबला, आणि शालनने "झालं" म्हणेपर्यंत मान वर केली नाही.

फोटो आल्यावर किशनचंद खूश झाला. "फर्स्टक्लास आलाय भाऊ! बघ तरी!"

"र्‍हाऊ द्या," भैरू म्हणाला. पाकीट न उघडताच त्याने खिशात घातलं आणि घरी शालनच्या हाती दिलं. दत्तोबा त्याच दिवशी बार्शीला निघाला. परत आल्यावर तो ओट्यावर बसून डोळे पुसत म्हणाला, "म्हातारी हातातनं सोडंनाच की दादा. उशाखाली घिऊन निजली." भैरूला इतकं बरं वाटलं की तो उठून उगाच बैलांना चारा टाकून आला.

फोटोची दुसरी प्रत शालनने आळीतल्या बायकांत मिरवली. एक दिवस शेजारच्या रुक्मिणीबाई ठेवणीतलं लुगडं नेसून अंगणात येऊन उभ्या राहिल्या. "भैरू, माजा बी काढ. पर छबूचा आलाय तसाच याया पायजे बरं!"

भैरूने तो फोटो अजून पाहिला नव्हता, पुढेही पाहणार नव्हता.

"तसाच यील, काकू," तो म्हणाला, आणि त्याने डब्यात रीळ भरलं.