उशिरा येणारी माणसं

योगिनीला रामेश्वरमध्ये खोट सापडत नव्हती आणि त्यामुळंच ती हैराण झाली होती. शेंद्रा एमआयडीसीतल्या कंपनीत तिचं कामच मुळी खोट शोधायचं. सुटा भाग हातात घ्यायचा, मापायचा, चुकला असेल तर लाल पेटीत टाकायचा. माणसांच्या बाबतीतही तिचा हात बरा चालायचा. समाजातली चांगली चांगली स्थळं तिनं त्या पेटीत टाकली होती. रामेश्वर मात्र मापात बसला होता. नोकरी बरी, बोलणं सरळ, घरचे लोक गोड. एकच गोष्ट खुपत होती आणि ती कुणाला सांगायचीही सोय नव्हती. तो वेळेवर यायचा.

पाचला येतो म्हणाला की पाचला हजर. निघाला की 'निघालो' असा मेसेज, आणि मग खरंच पोचायचा. वाट बघायला त्यानं तिला एकदाही वाव दिला नव्हता. आणि वाट बघितल्याशिवाय माणूस आवडतो कसा, हे योगिनीला खरोखर ठाऊक नव्हतं.

याआधी ऋतुराज होता. त्याच्यासाठी ती सिडको बसस्टँडवर इतकी उभी राहिली, की रसवंतीवाला आपणहून विचारायचा, "आज पण नाय आले का?" ऋतुराज फोन उचलायचा नाही आणि तासभर उशिरा येऊन उपकार केल्यासारखा हसायचा. ते हसू बघून योगिनीला भरून यायचं. पुढं तो पुण्याला गेला आणि यायचाच राहिला. बरेच महिने तिला वाटत होतं, हा त्याचा नेहमीचा उशीर असेल.

हे वळण लागलं कुठं, ते सांगायचं तर तिच्या बापाकडं जावं लागेल. दिवाळी झाली की मुंजाबा मेंढरं घेऊन निघायचा. लोकांच्या शेतात मेंढरं बसवायची, लेंडीखताच्या बदल्यात धान्य घ्यायचं आणि पुढच्या शिवारात सरकायचं. पोरीच्या शाळेपायी वच्छलाबाई मागं राहायची, खुलताबादजवळच्या गावात. सोमवारी येतो म्हणून मुंजाबा गुरुवारी यायचा, कधी त्याच्याही पुढच्या गुरुवारी. मोबाइल होता, पण बहुतेक वेळा बंद. वच्छलाबाई रोज संध्याकाळी तोंड धुऊन, कुंकू नीट करून उंबऱ्यात ताठ बसायची, डोळे रस्त्याकडं. शेजारी योगिनी. प्रेम म्हणतात ते हेच, असं पोरीनं तेव्हाच ठरवून टाकलं. दिवसभर लोकांचे सुटे भाग तपासणाऱ्या या बाईनं आपलं हे ठरवलेलं मात्र पुन्हा कधी तपासलं नाही, ही तिची कमाल.

आता मेंढरं विकून झाली होती. गुडघे गेलेला मुंजाबा मुकुंदवाडीतल्या दोन खोल्यांत दिवसभर टीव्हीसमोर बसून असायचा. रविवारी दुपारी रामेश्वर उत्तर ऐकायला येणार होता. वच्छलाबाई स्वयंपाकघरात पोहे भिजवत होती.

"आई, मी नाही म्हणणार आहे."

"का? काय वंगाळ हाय पोरात?"

"काहीच नाही. पण काही वाटतच नाही गं. बाबांची वाट बघताना तुला कसं वाटायचं, तसं."

वच्छलाबाईचा हात थांबला. "मला काय वाटायचं?"

"आता मी सांगू? प्रेम."

"राग यायचा," वच्छलाबाई म्हणाली. "लई राग. रोज ठरवून बसायचे, आज आला की सोडायचं नाय. गल्ली गोळा होईल असं भांडायचं."

"मग कुंकू कशाला नीट करायचीस?"

"गल्ली गोळा व्हनार म्हणल्यावर?"

योगिनी म्हणाली, "पण तू कधी भांडलीच नाहीस."

"तू पळत जायचीस की त्याच्याकडं. कडेवर बसून हसत यायचीस. तुझं तोंड बघून काय भांडू? राहूनच जायचं."

"मग तू खूश कधी होतीस?"

"त्याचा पाय मोडला तवा." वच्छलाबाईनं पोह्यांतलं पाणी निथळलं. "उन्हाळाभर खाटेवर पडून व्हता. हे दे, ते दे, डोकं खायचा नुसता. पण दिसायचा. लई बरे दिवस व्हते."

योगिनीला तो उन्हाळा चांगला आठवत होता. तिच्या लेखी लहानपणातला तो सगळ्यात रटाळ काळ. बाप घरातच, त्यामुळं संध्याकाळी उंबऱ्यात बसायचं काही कारणच नाही. बाबांचा पाय लवकर बरा होऊ दे, असं ती रोज देवाला म्हणायची. बरा झाला की ते जातील, आणि गेले की येतील. आईची सुखाची तेवढी एकच वेळ, आणि आपण ती संपावी म्हणून हात जोडत होतो, हे आज पहिल्यांदा तिच्या ध्यानात आलं आणि तिला स्वतःचीच लाज वाटली.

"पाव्हणे आले," मुंजाबानं बाहेरून सांगितलं.

पोहे झाले, चहा झाला. थोरांनी दोघांना गॅलरीत पाठवून दिलं. योगिनीनं आधीच पाठ करून ठेवलेला नकार बाजूला ठेवला.

"तुम्ही आलात की मला काहीच होत नाही," ती म्हणाली. "त्यात तुमची चूक नाही. मला न येणाऱ्या माणसांची सवय आहे. जो येतो, त्याच्याशी कसं वागायचं ते मला येत नाही. मी हो म्हणतेय, पण शिकायला वेळ लागेल." रडायचं नव्हतं, तरी तिला रडू आलं.

रामेश्वरनं जरा विचार केला.

"लागू द्या," तो म्हणाला. "मी कुठं चाललोय?"