सिंहाचा बिल्ला

आमच्या मियाँला, म्हंजे खाजामियाँला, कुणी नवं काम सांगितलं की मी आधी अल्लाचं नाव घेते. ऐकतात एक आन् करतात आजोबांनी शिकवलेलं.

त्या साली आमच्या लुबनाला सिद्धलिंग सरांच्या क्लासात डॉक्टरकीच्या बॅचला बसायचं होतं. लातुरात तेव्हा गल्लोगल्ली क्लास, पण सरांकडं जागा मिळणं म्हंजे हजला नंबर लागणं. बॅच भरली म्हणून पोरगी रडून डोळे सुजवून बसली होती. तेवढ्यात सरच आमच्या कोरकामाच्या दुकानात आले.

हातात एक चित्र. तीनशे वर्षांमागं युरोपात कुणी तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेलं. ढालीवर सिंह, वर शिरस्त्राण, त्याच्यावर पिसं, दोन्ही बाजूंनी कोबीच्या पानासारखी वळलेली नक्षी. सर शिकवायलाच लागले. छापात रंग नसायचा, म्हणून उभ्या रेघा म्हंजे लाल आन् ठिपके म्हंजे सोनं, अशी खूण होती म्हणं. सिंह म्हंजे पराक्रम, शिरस्त्राण म्हंजे घराण्याचा दर्जा. त्यांचे वडील मोठे अधिकारी होते, किल्लारीच्या भूकंपात गेले, तर घराण्याला असं चिन्ह पायजेच. नव्या इमारतीच्या उद्घाटनाला पितळेत कोरून आणा, लुबनाची जागा पक्की समजा, असं बोलून गेले.

किल्लारीकडं सिंह असल्याचं मी तरी कधी ऐकलं न्हाई. पण लेकीची गरज होती, तोंडाला कुलूप लावलं.

मियाँनी पितळ हलू नये म्हणून राळेत घट्ट बसवलं आन् पोलादी कलमानं एकेक रेघ, एकेक ठिपका काढला. काम असं उतरलं की माझीच नजर लागावी. मी पुढून बघितलं. मागून बघायची अक्कल कुठून येणार?

उद्घाटनाला पालकांनी मांडव भरलेला. भिंतीवर ढाल लावायला सरांनी मोठा खिळा ठोकून ठेवला होता. मियाँ मंचावर चढले, फडक्यातून तळहाताएवढा सिंह काढला, त्याच्या मागच्या कड्यांत लाल पट्टा ओवलेला, आन् सरांना कळायच्या आत तो त्यांच्या खांद्यावरून छातीवर बांधून टाकला.

मियाँचे आजोबा निजामाच्या काळात जहागीरदारांची चिन्हं कोरायचे. पण जहागीरदार कधी चिन्ह छातीवर लावून हिंडला का? ते लावायचा त्याचा चपराशी. आमच्या घरात चिन्ह म्हंजे बिल्ला, आन् बिल्ला म्हंजे पट्टा. मागून कुणीतरी 'ए चपराशी, पाणी आण' म्हटलं आन् मांडव हसायला लागला. सरांचं तोंड एवढंसं झालं. गेली लुबनाची जागा! मियाँला तिथंच कच्चं खावं वाटलं मला.

पुढच्या रांगेतून सरांच्या आई, गुणाबाई, उठल्या. वर येऊन बिल्ल्यावरनं हात फिरवला. माईक चालूच होता.

"अगदी तुझ्या आबावानी दिसायलास रं. तहसिलीला निघाले की असाच पट्टा चढवायचे."

मग कुणी हसलं न्हाई. सरांनी मान वर केली न्हाई.

दुसऱ्या दिवशी सर दुकानात आले. मी भांडायला पदर खोचूनच बसले होते. पण सर आवाज न चढवता सांगायला लागले. भूकंपात घर बसलं तेव्हा वडिलांचा एकही फोटो निघाला न्हाई. आईनं आता बिल्लाच भिंतीला लावलाय, हार घातलाय, आज मोठ्या मिनतवारीनं काढू दिला. मग हळूच म्हणाले, त्याच्यावर आबांचं नाव कोरायचंय. वीरण्णा, पट्टेवाला. पण मागच्या बाजूला, कुणाला दिसू नये असं.

मियाँ होय म्हणणारच होते. माझंच डोकं सटकलं.

"बापाचं नाव मागं लपवायचं असंल तर तुमच्याकडं माझी लेक शिकायची न्हाई."

आतून लुबना दाराशी आली. तिचं तोंड पांढरंफटक. मियाँनी कलम खाली ठेवलं. पण मी बोललेलं परत घेतलं न्हाई.

सरांनी खिशातून बिल्ला काढून मियाँच्या पुढ्यात ठेवला.

"पुढं घाला," ते म्हणाले. "मोठ्या अक्षरात. आन् पोरीला सोमवारपासून पाठवा."