पांढरा धागा

काचेच्या वाटीवर तळहात ठेवून स्लाइडताई तीन जिने एका दमात उतरल्या. पन्नाशी उलटलेल्या, गुडघे कुरकुरणाऱ्या या बाईला रुग्णालयात असं धावताना कुणी पाहिलं नव्हतं. वाटीत माशाची ताजी विष्ठा होती, पांढरी, धाग्यासारखी. ती गार व्हायच्या आत भिंगाखाली जायला हवी होती.

बालविभागाच्या टाकीतले चार एंजल मासे महिनाभर झुरत होते. दाणे तोंडात घ्यायचे आणि थुंकून टाकायचे. पोटं खपाटीला गेली होती. टाकी सांभाळणाऱ्या वॉचमनने पाणी बदललं, मीठ टाकलं, कुणाच्या तरी सांगण्यावरून जंतांचं औषधही घातलं. पण कशाचाच गुण येईना. शेवटी बालविभागाच्या डॉक्टरांनी सांगून टाकलं की संध्याकाळपर्यंत टाकी रिकामी करा, आजारी पोरांच्या डोळ्यांसमोर मरणारे मासे नकोत.

ताई सत्तावीस वर्षं तळघरातल्या प्रयोगशाळेत माणसांचे मलमूत्र तपासत होत्या. त्यावरूनच त्यांचं नाव स्लाइडताई पडलं होतं, पण त्यांच्या कामाचा विषय निघाला की लोक नाक मुरडत. टाकीचं कळल्यावर त्या एवढंच म्हणाल्या होत्या, की आधी बघू तर द्या.

त्यांनी थेंब स्लाइडच्या काचेवर ठेवला, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. आधी नुसतं धुकं. मग चक्र किंचित फिरवलं आणि सगळं स्पष्ट झालं. इवले इवले शेपटीवाले जीव, शाळा सुटल्यासारखे सैरावैरा पळत होते.

"जंत नाहीतच मुळी," मागोमाग आलेल्या वॉचमनला त्या म्हणाल्या. "हे वेगळेच पाहुणे आहेत, एकपेशी जीव. आतड्यात ठाण मांडून बसलेत. तुमच्या औषधाला ते कशाला भीक घालतील?"

गुडघे विसरून त्या पुन्हा वर गेल्या. डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि आठ दिवसांची मुदत दिली. जनावरांच्या डॉक्टरांना फोन करून ताईंनी औषध आणि मात्रा विचारून घेतली. निदान दाणे तोंडात घेणाऱ्या तिघांना औषधात भिजवलेले दाणे, अन्न सोडलेल्या थोरल्याला वेगळ्या टबात पाण्यातून औषध. ताई दिवसातून चारदा वर जायच्या. तिसऱ्या दिवशी एकाने दाणा गिळला आणि थुंकला नाही. ताईंनी वॉचमनच्या पाठीत अशी थाप मारली की त्याच्या हातातला चहा सांडला.

थोरला मात्र पाचव्या दिवशी गेला. त्या दिवशी ताईंनी डबा उघडला नाही.

आठव्या दिवशी त्या उरलेल्या माशांचा नवा नमुना तपासत होत्या, तेवढ्यात दारात बालविभागाचे डॉक्टर दिसले. इतक्या वर्षांत रिपोर्टच वर जायचे, डॉक्टर कधी खाली उतरले नव्हते.

"मला दाखवता?" त्यांनी विचारलं.

ताईंनी आपलं स्टूल पुढे केलं. डॉक्टर बराच वेळ वाकून पाहत राहिले.

"यात तर काहीच हलत नाहीये, ताई."

"हो ना," त्या म्हणाल्या, आणि त्यांना अजून नीट दिसावं म्हणून हलक्या हाताने उजेड वाढवला.