उघड्या तोंडाचं अस्वल

मित्रांनो, आधी माझं तोंड बघून घ्या. केवढं भोक आहे ना? उंदरांनी कुरतडलंय, असं जो तो म्हणतो आणि माझं डोकं फिरतं. उंदरांनी कान खाल्ला, हे खरं. तोंड मात्र माणसाने कापलं, धारदार सुरीने. ते का कापलं, हे सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही. मी ग्वाल्हेरचा एक जुना मुखवटा आहे, अस्वलाचा. एका जागी पडून राहणं माझ्या रक्तातच नाही.

रक्तात म्हणजे लगद्यात! संस्थान विलीन झालं, जुन्या कचेऱ्या मोडल्या, तेव्हा पोत्यापोत्यांनी रद्दी बाहेर पडली. इंदरगंजच्या चौकामागे दौलतसिंह खेळणेवाल्याचं दुकान होतं. त्याने ती रद्दी घेतली, भिजवली, कुटली आणि छप्पन साली तिच्यातून मला घडवलं. माझ्या गालात कुणाकुणाच्या बदलीचे हुकूम आहेत, देव जाणे. म्हणून तर मला सारखी चुळबुळ.

त्याच वर्षी ग्वाल्हेरच्या लष्कर भागात एक सिनेमा लागला होता. त्यात नट नाहीत, नट्या नाहीत. नुसती हाताने काढलेली चित्रं, आणि ती पळायची, रडायची, गायची! अस्वलाचं पिल्लू आपलं रान सोडून नदीपलीकडे जातं, एवढीच गोष्ट. दौलतगंजातल्या मराठी नाट्यमंडळाचे सदाशिवराव मुलांना घेऊन तो बघायला गेले आणि बाहेर पडता पडता म्हणाले, "ह्याचं संगीत नाटक करायचं! दिवाळीत!"

आता आली का पंचाईत! सिनेमातली नदी आपली आपण वाहायची. इथे दोन निळी लुगडी ताणून हलवत बसायचं. सिनेमातलं पिल्लू कड्यावरून पडून चपटं व्हायचं आणि पुन्हा टुणकन फुगायचं. इथे चपटं करणार कुणाला? तो प्रसंग गाळला आणि तिथे एक झकास पद घातलं. पदं बांधली सुधाताईंनी, पेटीवरही त्याच. सदाशिवरावांचा हट्ट एकच, अस्वल पडद्यावर दिसलं तस्संच हवं. दौलतसिंहाने मला मिटल्या ओठांचं, गोल गरगरीत केलं आणि म्हणाला, "ऐसा भालू है साहब, के बच्चे डरें भी और हँसें भी."

पिल्लू व्हायची होती शामला. अकरा वर्षांची, सरकारी कचेरीतल्या रघुनाथरावांची मुलगी. आवाज असा गोड, की तालमीला आलेले लोक चहा प्यायचं विसरत. पहिल्यांदा तिने मला डोक्यात घातलं आणि रानाच्या निरोपाचं पद सुरू केलं. माझ्या आत नुसतं घुमलं हो! बाहेर काही म्हणजे काही नाही.

"पोर माठात बसून गातेय का?" सुधाताईंनी पेटी थांबवली.

"मग तुम्ही विंगेतून गा," सदाशिवराव म्हणाले. "ती नुसते हातवारे करील. सिनेमात तरी चित्र कुठे गातं?"

"गळा असताना पोरीने मुकं राहायचं? मला नाही पटत." पण सदाशिवरावांपुढे त्यांचं काही चाललं नाही.

शामला माझ्या आतच रडली. मी आतून ओला झालो आणि माझाच मला संताप आला. का एवढा जाड झालो मी?

त्यातच नवं राज्य ठरलं, राजधानी भोपाळ झाली आणि इथल्या कचेऱ्या तिकडे हलायच्या ठरल्या. एक नोव्हेंबरला तिथे हजर व्हा, असा रघुनाथरावांना हुकूम आला. दिवाळी हुकणार! घाईघाईने प्रयोग अलीकडे ओढला, तोही त्यांच्या गाडीच्या आदल्या संध्याकाळी. "मला एकदा गाऊ द्या ना, मग कुठेही न्या," शामला वडिलांना म्हणाली. "गाणं भोपाळलाही आहे. जा, पेटारा भर," ते म्हणाले.

प्रयोग झाला. निरोपाचं पद आलं. सुधाताई विंगेतून गायल्या, शामलाने हातवारे केले. संपताच "वन्समोअर!" म्हणून गलका उठला. चित्राकडे कुणी वन्समोअर मागत नाही, मित्रांनो. आमची मराठी माणसं नाटकात मागितल्याशिवाय राहत नाहीत.

पेटी पुन्हा सुरू झाली. पण सुधाताईंनी ओठ मिटून घेतले. सूर वाजतायत आणि गाणं नाही! सदाशिवराव विंगेतून खुणा करून दमले. सुधाताई ढिम्म. माझ्या आत शामलाचा श्वास जोरजोरात आपटत होता.

आणि तिने मला उपटून काढलं! काखेत धरलं आणि उघड्या तोंडाने गायली. घामेजलेली, केस विस्कटलेली, अस्वलाच्या अंगावर पोरीचं डोकं. सदाशिवरावांनी कपाळावर हात मारला. कुणी हसलं नाही. रान सोडवत नाही म्हणणारं ते पिल्लू आता सगळ्यांच्या ओळखीचं होतं. अर्ध्या लोकांच्या घरी पेटारे भरलेले होते.

पद संपलं तरी टाळी पडेना. मग मागच्या रांगेतून एक घोगरा आवाज आला, "वन्समोअर!"

रघुनाथराव उभे होते. चारचौघांत कधी आवाज न चढवणारा माणूस! शामला पुन्हा गायली. मी तिच्या काखेत होतो, मला सगळं ऐकू आलं. माझ्या आयुष्यातलं तेवढंच एक गाणं मी नीट ऐकलं.

सकाळी ती गेली. दुपारी सदाशिवरावांनी मला मांडीवर घेतलं, सुरीने ओठ कापले आणि आतून हात घालून पाहिला. "आधी कसं सुचलं नाही रे," एवढंच पुटपुटले.

पण मग ते नाटक पुन्हा बसलंच नाही. मंडळातली निम्मी माणसं भोपाळला गेली, उरलेली म्हातारी झाली. तोंड उघडं ठेवून मी मंडळाच्या ह्या फळीवर पडून आहे. मला पुसा, उन्हात ठेवा, उंदरांपासून जपा, हे सगळं कराच. पण काचेच्या कपाटात नका ठेवू, तिथे माझा जीव गुदमरेल. तुमच्यात गाणारं कोण आहे? या, मला डोक्यात घाला. आता आवाज बाहेर जातो.